दवाखान्याच्या गेटसमोरचा रस्ता आणि त्याचा निधी

ग्रामीण रुग्णालयाच्या बाहेरच्या रस्त्याविषयी मागच्या वेळी जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं-गावं मुद्दामच दिली नाहीत, कारण लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना उद्या परत त्याच ऑफिसच्या पायऱ्या चढायच्या आहेत.

प्रश्न: साहेब, आमच्या गावात ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे. एसटी थांब्यापासून गेटपर्यंत दोनेकशे मीटर रस्ता, त्यात खड्डे, एका बाजूला उघडं गटार, रात्री अंधार. ग्रामपंचायत म्हणते रस्ता बांधकाम खात्याचा, ते म्हणतात जिल्हा परिषदेचा, जिल्हा परिषद म्हणते गावठाणात आहे म्हणजे ग्रामपंचायतीचा. तीन वर्षं निवेदनं देतोय. निधी मागायचा तरी कुणाकडे?

दादा, तुमच्या पत्रातच उत्तर आहे बघा. तीन वर्षं तुम्ही निधी मागताय, पण रस्ता कुणाचा हे अजून कागदावर आलेलंच नाही, आणि मालक ठरल्याशिवाय त्या रस्त्यावर सरकारचा एक रुपया पडत नाही. तेव्हा निवेदनं थोडी बाजूला ठेवा आणि आधी रस्त्याचा नंबर शोधा.

मोटामोटी हिशोब असा. राज्य महामार्ग, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे ज्याला ऑफिसात 'प्रजिमा' म्हणतात ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, आणि गावातले अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीकडे. रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड दिसला तर त्याच्या डोक्याचा रंग बघा, पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्याचा, केशरी असेल तर ग्रामसडक योजनेतला. पण दगडावर विसंबून अर्ज करू नका, तो फक्त अंदाज घ्यायला. खरी नोंद तीन ठिकाणी मिळते. ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत म्हणजे नमुना २३ मध्ये, पंचायत समितीत बसणाऱ्या बांधकामच्या उपअभियंत्यांकडे, आणि सार्वजनिक बांधकाम उपविभागात रस्ते विकास योजनेच्या यादीत. तिन्हीकडे एकाच मजकुराचा माहितीचा अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, "अमुक थांबा ते ग्रामीण रुग्णालय गेट हा रस्ता आपल्या नोंदवहीत आहे का, असल्यास त्याचा क्रमांक, लांबी आणि रुंदी द्यावी" एवढंच विचारा, जास्त काही नको. तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं, आणि तिघांचीही उत्तरं "आमचा नाही" अशी आली तर उलट चांगलंच झालं, ती तीन पत्रं एकत्र जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे जा आणि ग्रामसभेच्या ठरावाने रस्ता नमुना २३ ला लावून घ्या.

अजून एक गोष्ट, जी पुष्कळदा सुटते. रस्ता कधीकधी अर्धा असतो. थांब्यापासून वळणापर्यंत प्रजिमा आणि वळणापासून गेटपर्यंत ग्रामपंचायत. गेटच्या आतली जागा आरोग्य विभागाची, तिथलं जिल्हा शल्यचिकित्सकांकडून. म्हणजे दोनशे मीटरमध्ये तीन मालक. अशा वेळी एकाच्या नावाने सगळं मागितलं की फाइल तिथंच थांबते. नकाशावर तीन रंगांच्या पेन्सिलीने तीन तुकडे दाखवा, कुठून कुठपर्यंत किती मीटर ते लिहा, आणि एकाने दुसऱ्याच्या तुकड्यावर खर्च करायचा असेल तर त्याचं ना हरकत पत्र आधीच घेऊन ठेवा.

प्रश्न: मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. बाहेरचा रस्ता आमच्या हातात नाही पण रोज त्रास आमच्या पेशंटला होतो. आमदारसाहेबांनी "सुशोभीकरण" करून देतो असं सांगितलंय. कारंजं आणि स्वागत कमान होणार म्हणे. नेमकं काय मागावं?

सिस्टर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कमान नको म्हणून सांगा, अगदी स्पष्ट सांगा, आणि हे सांगायचा अधिकार सगळ्यात जास्त तुमचाच आहे.

नेमकं काय मागावं हे ठरवायला माझी एक पद्धत होती ती सांगतो. मी रस्त्याच्या खात्यात शाखा अभियंता होतो, बरीच वर्षं काढली त्यात. एका ग्रामीण रुग्णालयासमोर मी स्वतः अंदाजपत्रक करून पेव्हिंग ब्लॉकचा फुटपाथ केला होता, लाल-पिवळे ब्लॉक, कडेला छान कर्बस्टोन म्हणजे उभे दगड, उद्घाटनाला फोटो वगैरे सगळं झालं. महिन्याभराने सहज तिकडून चाललो होतो तर एक मुलगा त्याच्या आईला व्हीलचेअरवरून नेत होता, पाय प्लॅस्टरमध्ये, आणि तो फुटपाथवरून नाही तर भर रस्त्यातून ट्रकच्या बाजूने ढकलत होता. थांबून विचारलं तर म्हणाला, साहेब वर चढवायचं कुठून? मी खाली बघितलं. दीडशे मिलिमीटरचा कर्ब, गेटपर्यंत एकसलग, एकही उतार नाही. अंदाजपत्रकात उतार लिहायचा मी विसरलो होतो, आणि माझ्या त्या चुकीमुळे ती बाई पाय पुढे काढून ट्रकच्या शेजारून चालली होती. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून तुम्ही असं करा. बाजाराच्या दिवशी सकाळी नऊ ते अकरा गेटवर एक माणूस वही घेऊन बसवा. किती जण पायी आले, किती जण कुणाच्या आधाराने, किती गरोदर बाया, किती जण दुचाकीवर तिघं बसून, काठीवाले किती, १०८ किती वेळा आत-बाहेर झाली, आणि मुख्य म्हणजे कोण कुठे अडखळलं. तेवढ्या रेघोट्या मारा. त्याला रोजच्या केसपेपरचा आणि महिन्याच्या बाळंतपणांचा आकडा जोडून वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीचं एक पानी पत्र करा. निधी देणाऱ्याच्या टेबलावर सुशोभीकरणाचे शंभर अर्ज असतात, असं मोजून आलेलं पत्र एखादंच, आणि ते बाजूला काढून ठेवलं जातं हे मी स्वतः बघितलंय.

आता मागायचं काय. चालायला मोकळी पट्टी कमीत कमी १.८ मीटर, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांच्या सूचनांमध्ये (आयआरसी १०३) आहे तेवढी, आणि मोकळी म्हणजे मोकळी, मध्ये विजेचा खांब किंवा बोर्डाचा पाय आला की ती १.८ राहत नाही. कर्बची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. जिथे जिथे गेट, थांबा आणि रस्ता ओलांडायची जागा तिथे उतार, आणि तो १ ला १२ चा, म्हणजे पंधरा सेंटिमीटर चढायला एक मीटर ऐंशी लांबीचा उतार लागतो. मिस्त्री लोक हातभर उतार करून मोकळे होतात, त्यावरून व्हीलचेअर मागे येते. तेव्हा "उतार करणे" असं मोघम न लिहिता लांबी अंदाजपत्रकात आकड्यात लिहून घ्या.

गटार उघडं असेल तर बंदिस्त गटार आणि वर झाकणं, पण गेटच्या तोंडाशी जिथून ॲम्ब्युलन्स जाते तिथली झाकणं जाड आणि जास्त लोखंडाची लागतात हे वेगळं लिहायला सांगा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच चाक आत जातं. गटाराचं पाणी शेवटी जातं कुठे तेही विचारा, कारण पुष्कळ ठिकाणी गटार छान होतं आणि पाणी दवाखान्याच्या कंपाउंडलाच येऊन थांबतं.

गतिरोधकाचं तर मला फार वाटतं. गावोगावी दवाखान्यासमोर जो टणक उंचवटा घालतात त्यावरून फ्रॅक्चरच्या पेशंटला नेऊन बघा एकदा. मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा गोलाकार असतो, गाडी साधारण २५ च्या वेगाने त्यावरून अलगद जाते आणि पेशंटच्या कमरेला हिसका बसत नाही. त्याच्या आधी पाटी आणि पांढरे पट्टे पाहिजेत, आणि तो गेटच्या अगदी तोंडाशी न घालता अलीकडे घाला म्हणजे वळणाऱ्या ॲम्ब्युलन्सला आडवा येत नाही.

दिवे थांबा ते गेट सलग हवेत. मोठा हायमास्ट एकच उभा केला की चौक उजळतो आणि त्याच्या पलीकडची वाट आणखी काळोखी वाटते. बसायला मध्ये एखाद-दुसरा बाक, सावलीला कडुनिंब किंवा करंज, पिंजऱ्यासकट आणि पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याच्या नावासकट. शांतता क्षेत्राची पाटी लावून घ्या, ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रुग्णालयाभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र धरलंय आणि तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे, फक्त शासनाने ते क्षेत्र तसं जाहीर केलेलं असावं लागतं, ते कलेक्टर ऑफिसात विचारून घ्या.

पत्रात एक ओळ जरूर टाका. १४ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की फुटपाथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो. आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहेच. या दोन ओळींनी निधी येत नाही, पण उताराचा आयटम "अनावश्यक" म्हणून कुणी कापायला गेला तर त्याचा हात थांबतो.

प्रश्न: मी सरपंच आहे, पहिलीच टर्म. आमच्याकडे वित्त आयोगाचे पैसे शिल्लक आहेत पण ग्रामसेवक म्हणतात दवाखाना राज्य सरकारचा, त्याच्या रस्त्याला आपण खर्च केला तर ऑडिटमध्ये आक्षेप येईल. खरं आहे का?

ताई, अर्धं खरं आहे. दवाखान्याच्या कंपाउंडच्या आत खर्च केला तर आक्षेप येणारच, तिथे रुग्ण कल्याण समितीचा निधी असतो. पण बाहेरचा रस्ता जर तुमच्या नमुना २३ ला असेल तर तो गावचाच रस्ता आहे, त्यावरून दवाखान्यात जातात की बाजारात याने काही फरक पडत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे दोन भागांत येतात हे तुम्हाला माहीतच असेल, २०२१ ते २६ या काळासाठी ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. बंधित म्हणजे स्वच्छता आणि पाणी, अबंधितातून पगार आणि आस्थापना सोडून गावच्या गरजेचं काम घेता येतं. तेव्हा एकच काम दोन डोक्यांनी बघा, गटाराचा भाग सांडपाणी व्यवस्थापन म्हणून बंधितातून, आणि फुटपाथ, उतार, दिवे अबंधितातून. फक्त ते दोन्ही तुमच्या 'आमचा गाव, आमचा विकास' आराखड्यात असायला पाहिजेत आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढलेले पाहिजेत. आराखड्यात नसेल तर आधी ग्रामसभा घेऊन पुरवणी आराखडा, मग खर्च. हा क्रम उलटा झाला की ग्रामसेवकांची भीती खरी ठरते, त्यांना दोष देऊ नका, सही त्यांची असते. सोळाव्या आयोगाच्या पैशाला हीच टक्केवारी गृहीत धरू नका, ज्या वर्षीचा निधी त्या वर्षीचं परिपत्रक बघूनच ठराव करा.

ठराव लिहिताना मात्र जीव ओतून लिहा. "रस्ता दुरुस्त करणे" असं लिहिलं की फक्त रस्ताच दुरुस्त होतो. "एसटी थांबा ते ग्रामीण रुग्णालय गेट रस्ता सुधारणा, बंदिस्त गटार, दिव्यांगांसाठी उतारासह पादचारी मार्ग आणि पथदिवे बसवणे" असं पूर्ण नाव द्या, कारण पुढे प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, निविदा, बिल, सगळीकडे हेच नाव फिरतं आणि नावात नसलेली गोष्ट कुणी करत नाही, करायची इच्छा असली तरी करता येत नाही. मंजुरीच्या यादीत नुसतं "काँक्रिटीकरण" छापून आल्यामुळे फुटपाथ राहून गेलेली कामं मी मोजायची सोडून दिली.

दिव्यांगांसाठीचा जो ५ टक्के स्वउत्पन्नाचा निधी असतो त्यातून उतार करा असं तुम्हाला कुणीतरी सुचवलंय. माझं ऐकाल तर नका करू. तो पैसा आधीच तुटपुंजा असतो, त्यावर गावातल्या आठ-दहा माणसांच्या काठ्या-सायकली अवलंबून असतात. उतार हा रस्त्याचा भाग आहे, रस्त्याच्या पैशातूनच व्हायला पाहिजे.

गाव मोठं असेल तर आणखी एक. लोकसंख्या पाच हजारांच्या वर असेल तर मोठ्या ग्रामपंचायतींना नागरी सुविधांसाठी विशेष अनुदानाची योजना आहे, प्रस्ताव पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेच्या ग्रामपंचायत विभागात जातो. तुमच्या पत्रावरून वाटतंय तुम्ही बसता त्यात.

प्रश्न: आमदार निधी, खासदार निधी, २५१५, डीपीसी, हे सगळं ऐकून डोकं गरगरतं. आमच्यासारख्या सामान्य माणसांच्या समितीने यातलं काय धरावं?

काम छोटं की मोठं त्यावर आहे. नुसते दिवे, बाक, प्रवासी निवारा, असं चार-आठ महिन्यांत व्हावं असं वाटत असेल तर आमदार स्थानिक विकास निधी. आमदाराला वर्षाला ५ कोटी असतात, खासदारालाही ५ कोटी, पण खासदाराचे सहा-सहा विधानसभा मतदारसंघात वाटले जातात हे लक्षात घ्या. दोन्हीकडे लोकप्रतिनिधी शिफारस करतो आणि मंजुरी कलेक्टरच्या नियोजन ऑफिसातून होते, म्हणून नुसतं शिफारस पत्र हातात आलं की पेढे वाटू नका, ते पत्र नियोजन ऑफिसात आवक झालंय का आणि त्याला अंदाजपत्रक जोडलंय का ते बघा. पुढची देखभाल कोण करणार याचं हमीपत्रही मागतात, ते ग्रामपंचायतीकडून आधीच घेऊन ठेवा.

२५१५ म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातल्या मूलभूत सुविधांची कामं, हे ग्रामविकास विभागाचं लेखाशीर्ष म्हणजे बजेटमधला खर्चाचा नंबर आहे, यादी मंत्रालयातून मंजूर होऊन येते. मधल्या आकाराच्या कामाला बरं. पण यात गावाचं नाव एका ओळीत छापून येतं आणि वर सांगितलं तसं ती ओळ कशी लिहिलीय यावर सगळं, तेव्हा आमदारांच्या ऑफिसात जो मुलगा याद्या टाइप करतो त्याला कामाचं पूर्ण नाव लिहून द्या. खरंच सांगतो, त्या मुलाला भेटणं महत्त्वाचं.

रस्ता, गटार, फुटपाथ सगळं एकदम धरायचं असेल तर जिल्हा वार्षिक योजना, म्हणजे डीपीसीचा, जिल्हा नियोजन समितीचा निधी. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव कलेक्टर. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांना तिथून ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली पैसे येतात, पहिलं देखभाल-दुरुस्तीचं, दुसरं नव्या बांधकामाचं. तुमचा रस्ता कशात बसतो हे उपअभियंता सांगतील.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. बहुतेक समित्या निधी आला की कागद करू असं म्हणून बसतात आणि तिथेच हरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दर जिल्ह्यात काही योजनांचे पैसे खर्च न होता उरतात, मग पुनर्विनियोजन होतं, म्हणजे ज्या कामांची फाइल तयार आहे तिकडे पैसे वळवतात. त्या वेळी नियोजन ऑफिसातून फोन येतो, "तयार अंदाजपत्रक असलेलं काम आहे का?" आणि उत्तर द्यायला दोन दिवस असतात. ज्या गावाकडे ठराव, मालकीचा दाखला, जागा उपलब्ध असल्याचा दाखला, हे काम दुसऱ्या कुठल्या योजनेत मंजूर नसल्याचा दाखला, तांत्रिक मान्यता झालेलं चालू दरसूचीचं अंदाजपत्रक आणि जिओ टॅग असलेले फोटो एका फाइलमध्ये असतात ते गाव घेऊन जातं. मी खुर्चीत असताना असे फोन घेतलेत आणि चांगली, खूप गरजेची कामं निव्वळ एक दाखला नाही म्हणून मागे टाकलेली आहेत, त्याचं वाईट अजून वाटतं. तेव्हा पावसाळा संपला की लगेच अंदाजपत्रकामागे लागा, डिसेंबरपर्यंत फाइल शिवून तयार. दरसूची बदलली तर अंदाजपत्रक नव्या दराने करून घ्या, जुन्या दराचं कुणी हातात धरत नाही. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागायची चिन्हं असतील तर कार्यारंभ आदेश निघून काम जागेवर प्रत्यक्ष सुरूही त्याआधी होईल असं बघा, नंतर नुसता आदेश हातात असला तरी नवीन काम सुरू करता येत नाही.

आदिवासी भागातून दोघांनी विचारलंय. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा जिथे लागू आहे तिथे, आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट गावाकडे येतो आणि तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते, दवाखान्याची वाट त्यात घेता येईल. खाणी असलेल्या जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो, त्यात खाणबाधित गावांतला आरोग्याचा विषय प्राधान्याचा आहे आणि रस्त्यांनाही वाटा आहे. गाव बाधित यादीत आहे का तेवढं आधी बघा.

आणि प्रधानमंत्री ग्रामसडकबद्दल एकाने लिहिलंय. तिसऱ्या टप्प्यात, २०१९ पासूनच्या, वाड्या-वस्त्यांना बाजार, उच्च माध्यमिक शाळा आणि रुग्णालयांशी जोडणारे मुख्य रस्ते सुधारायचे असं धोरण होतं खरं, पण ती लांब पल्ल्याच्या रस्त्याची योजना. गेटसमोरच्या फुटपाथसाठी तिच्यामागे वेळ घालवू नका.

प्रश्न: आमचं तालुक्याचं गाव, आता नगरपंचायत झालीये. हेच सगळं लागू होतं का?

नाही. नगरपंचायत झाली की ग्रामविकासच्या योजना म्हणजे २५१५, नागरी सुविधांचं ते अनुदान, हे बंद, तुम्ही नगरविकास विभागाकडे गेलात. आता मुख्याधिकाऱ्यांना भेटा, नगरोत्थान महाअभियान आणि वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान या दोन गोष्टींबद्दल विचारा. आमदार आणि खासदार निधी चालतो. रुग्णालयाचं नाव 'ग्रामीण' असलं तरी रस्ता शहरी झालाय, अर्जात ग्रामपंचायतीचा जुना ठराव जोडू नका, त्यावरूनच परत येतो.

प्रश्न: गेटसमोर दहा-बारा टपऱ्या आणि हातगाडे आहेत. अधिकारी म्हणतात आधी अतिक्रमण काढा मग निधी. टपरीवाले आमच्याच गावचे. काय करावं?

अधिकाऱ्यांचं चूक नाही, जागा मोकळी असल्याचा दाखला त्यांना द्यावा लागतो. पण सगळ्यांना उठवा असं मी सांगणार नाही. रात्री दोन वाजता बाळंतिणीला घेऊन आलेल्या माणसाला गरम पाणी कुठे मिळतं? त्याच टपरीवर. नवीन माणसाला केसपेपर कुठे, औषध कुठे हे तोच सांगतो. त्यांना हुसकावून लावलेल्या ठिकाणी मी बघितलंय, नातेवाईक पाण्याच्या बाटलीसाठी पेशंटला एकटं टाकून थांब्यापर्यंत पळतात.

तेव्हा आधी मोजणी. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक ऑफिसात मोजणीचा अर्ज करा, रस्त्याची हद्द खडूने नाही तर दगडाने पक्की करून घ्या. पुष्कळदा मोजणीनंतर कळतं की अर्ध्या टपऱ्या हद्दीबाहेर आहेत आणि खरा अडथळा एखाद्या पक्क्या ओट्याचा किंवा वाढवलेल्या कंपाउंडचा आहे, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. मग टपरीवाल्यांना बसवून बोला. गेटच्या दोन्ही बाजूचा तुकडा आणि ॲम्ब्युलन्सचं वळण पूर्ण मोकळं, आणि पुढे एका बाजूला, फुटपाथच्या मागे, त्यांच्यासाठी आखलेली पट्टी. ती पट्टी नकाशावर आणि अंदाजपत्रकात घ्या, पाण्याच्या नळासकट. ठरल्याचं ग्रामसभेत वाचून दाखवा आणि प्रत्येकाची सही घ्या.

हे करूनही कुणी ऐकलं नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३ आहे, सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकार पंचायतीला आहे. नगरपंचायत असेल तर पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा बघावा लागतो, पथविक्रेता समितीला विचारल्याशिवाय हात लावू नका. पण कलमापर्यंत जायची वेळ सहसा येत नाही, आपलीच माणसं असतात, त्यांच्याही घरची माणसं त्याच गेटातून आत जातात.

प्रश्न: काम मंजूर झालं, सुरू पण झालंय. चांगलं होईल हे बघायला आम्ही काय करू शकतो?

अभिनंदन! अंदाजपत्रकाची आणि नकाशाची प्रत मागून घ्या, नाही दिली तर माहितीचा अर्ज. कामाच्या जागी फलक लावलाय का बघा, कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार आणि मुदत त्यावर असायला पाहिजे. मग एक टेप घ्या, दुकानात मिळतो तो पाच मीटरचा पुरतो. गटाराची खोली झाकण बसायच्या आधी मोजा, कारण नंतर मोजता येत नाही. काँक्रिटवर पाणी मारतायत का हे रोज संध्याकाळी जाऊन बघा, ओल्या गोणपाटावर हात ठेवून बघा. उतार झाला की रुग्णालयातली व्हीलचेअर मागून घ्या, त्यावर समितीतल्या एखाद्या वजनदार माणसाला बसवा आणि एकट्याने वर ढकलून बघा. चढली नाही तर त्याच दिवशी शाखा अभियंत्याला फोन करा, बिल निघायच्या आधी. मोजमाप पुस्तकात नोंद व्हायच्या वेळी समितीतल्या दोघांनी हजर राहावं, ठेकेदाराशी वाद घालायला नाही, नुसतं उभं राहायला. आणि दोष दायित्वाचा काळ, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदारानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, किती आहे, कुठल्या तारखेपासून, हे कार्यारंभ आदेशातून लिहून घेऊन रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात भिंतीवर चिकटवा, म्हणजे ब्लॉक खचला की कुणाला सांगायचं ते सिस्टरलाही माहीत असेल.